शेजारधर्माचा हिशेब आणि घरची गरज

केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला की परराष्ट्र मंत्रालयाच्या तरतुदींमधील एका तक्त्याकडे हमखास बोट दाखवले जाते. भूतानला किती, नेपाळला किती, मालदीवला किती, याची यादी त्यात असते. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात परदेशांना द्यावयाच्या मदतीसाठी ५,४८३ कोटी रुपयांची तरतूद होती. त्यातील २,१५० कोटी एकट्या भूतानसाठी, ७०० कोटी नेपाळसाठी, ६०० कोटी मालदीवसाठी, तर ५०० कोटी मॉरिशससाठी होते. जानेवारी २०२४मध्ये मालदीवच्या उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांविषयी अनुदार उद्गार काढले, त्यावरून देशभर संतापाची लाट उसळली. तरीही त्या देशासाठीची तरतूद पुढच्या वर्षी वाढली. सरकारी शाळांना शिक्षक मिळत नाहीत, ग्रामीण रुग्णालयांत डॉक्टर नाहीत आणि विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबलेल्या नाहीत, अशा स्थितीत हा दानशूरपणा कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. 'आधी पोटोबा, मग विठोबा' म्हणणाऱ्या समाजात तो विचारला जाणे स्वाभाविकच आहे. मात्र त्याचे उत्तर भावनेपेक्षा आकड्यांत शोधणे अधिक हिताचे ठरेल.

अकरा पैशांचा खर्च

२०२५-२६मधील केंद्राचा एकूण अंदाजित खर्च ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांच्या घरात होता. परदेशी मदतीचा वाटा त्यात शंभर रुपयांमागे अकरा पैसे इतका येतो. दरडोई हिशेब केल्यास प्रत्येक भारतीयामागे वर्षाला चाळीस रुपयेही होत नाहीत. त्याच वर्षी ग्रामीण रोजगार हमीसाठी केंद्राने ८६ हजार कोटी रुपये ठेवले होते, तर महाराष्ट्र सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' या एकाच योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद केली होती. देशाच्या संपूर्ण परदेशी मदतीच्या ती साडेसहापट आहे. ही मदत उद्या पूर्णपणे बंद केली, तरी घरच्या गरजांपैकी फार थोडी गरज भागेल, हे यावरून स्पष्ट व्हावे.

शिवाय कापलेला पैसा गरजूंकडेच वळेल याची खात्री नसते. ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम परदेशी मदतीसाठी देण्याचे बंधन त्या देशाने २०१५मध्ये कायद्याने स्वीकारले. कोरोनाच्या आर्थिक तडाख्यानंतर २०२१मध्ये हे प्रमाण ०.५ टक्क्यांवर आणण्यात आले. फेब्रुवारी २०२५मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी ते २०२७पर्यंत ०.३ टक्क्यांवर नेण्याची घोषणा केली. वाचलेला पैसा संरक्षणासाठी वापरला जाईल, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. 'आधी घरच्यांचे पाहा' असा धोशा लावणाऱ्या ब्रिटिश मतदाराच्या रुग्णालयासाठी किंवा शाळेसाठी ही कपात नव्हती.

परतफेड आणि जोखीम

भारताच्या मदतीचे स्वरूप पाहिले तर ती निव्वळ दानधर्म नाही, हे लक्षात येते. भूतानमधील चुखा, ताला, मांगदेछू हे जलविद्युत प्रकल्प भारताच्या अनुदान व कर्जातून उभे राहिले आणि त्यांची अतिरिक्त वीज भारतच विकत घेतो. त्या विजेतून भूतानला महसूल मिळतो, त्यातून कर्ज फिटते. निर्यात-आयात बँकेमार्फत अन्य देशांना दिल्या जाणाऱ्या सवलतीच्या कर्जांत तर सर्वसाधारणपणे ७५ टक्के माल व सेवा भारतातून घेण्याची अट असते. म्हणजे त्या कर्जातील मोठा भाग भारतीय कारखान्यांकडे आणि कंत्राटदारांकडेच परत येतो.

हाच व्यवहार उलट दिशेने कसा चालतो, याचा अनुभव मुंबईकर रोज घेत आहेत. जानेवारी २०२४मध्ये खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू आणि कुलाबा ते आरे ही भुयारी मेट्रो, या दोन्हींसाठी जपानच्या सरकारी संस्थेने सवलतीचे कर्ज दिले. जपानच्या दप्तरी त्याची नोंद विकास साहाय्य अशीच होते. जपानी करदात्यानेही आपल्या सरकारला हाच प्रश्न विचारला असता, तर हे प्रकल्प कदाचित अधिक महाग पडले असते.

अर्थात प्रत्येक मदत फळाला येतेच असे नाही. अफगाणिस्तानात भारताने संसद भवन बांधले, हेरात प्रांतात सलमा धरण पूर्ण केले, झरंज ते देलाराम रस्ता तयार केला. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले आणि तीन अब्ज डॉलरच्या या गुंतवणुकीतून साधलेला राजकीय प्रभाव एका दिवसात ओसरला. श्रीलंकेला २०२२मध्ये दिलेले सुमारे चार अब्ज डॉलरचे साहाय्य बहुतांशी कर्जाच्या व सवलतींच्या रूपात होते. त्याच वर्षी त्या देशाने परकीय कर्जफेड थांबवल्याने भारतालाही अन्य धनकोंसोबत फेररचनेच्या वाटाघाटींना बसावे लागले. अकरा पैशांच्या हिशेबात ही कर्जे आणि त्यांची जोखीम धरलेली नाही. टीकाकारांनी खरे तर येथे बोट ठेवायला हवे.

लसटंचाईचा धडा

परदेशी मदत आणि घरची गरज यांचा थेट सामना २०२१मध्ये लशींच्या प्रश्नावर झाला. १६ जानेवारीला देशात लसीकरण सुरू झाले आणि चारच दिवसांनी भूतान व मालदीवकडे लशी रवाना झाल्या. 'लस मैत्री' या नावाने सुरू झालेल्या मोहिमेत एप्रिलपर्यंत सुमारे ६.६ कोटी मात्रा परदेशी गेल्या. त्यातील बहुतेक लशी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या होत्या. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने महाराष्ट्राला विळखा घातला तेव्हा मुंबईसह राज्यातील अनेक केंद्रे लशींअभावी बंद ठेवावी लागली. पुण्यात बनलेली लस महाराष्ट्रातच मिळत नाही, हा संताप रास्त होता.

परंतु त्या ६.६ कोटींपैकी भेट म्हणून गेलेल्या मात्रा होत्या सुमारे १ कोटी ७ लाख. उरलेल्या व्यापारी कराराने विकल्या गेल्या किंवा जागतिक 'कोवॅक्स' योजनेच्या बांधीलकीपोटी गेल्या. देशातील ९४ कोटी प्रौढांना दोन मात्रांच्या हिशेबाने १८८ कोटी मात्रा लागणार होत्या. या गरजेपुढे भेट दिलेल्या मात्रा एक टक्काही भरत नाहीत. केंद्राने जानेवारीत सीरमकडे नोंदवलेली पहिली मागणी मात्र अवघ्या १ कोटी १० लाख मात्रांची होती. टंचाईचे मूळ शोधायचे तर ते या उशिरा आणि तोकड्या मागणीत सापडते.

या घिसाडघाईची किंमत शेजाऱ्यांनीही मोजली. भारताने निर्यात थांबवली तेव्हा पैसे मोजून लस घेणाऱ्या नेपाळला मागणीच्या निम्म्याच मात्रा मिळाल्या होत्या. भूतानने भारताच्या लशीवर बहुतेक प्रौढांना पहिली मात्रा दिली, दुसरीसाठी मात्र त्याला अमेरिकेच्या लशींकडे वळावे लागले. तरीही त्याच एप्रिलमध्ये भूतानने आसामला रोज ४० टन द्रवरूप प्राणवायू पुरवण्याची तयारी दाखवली. २००४च्या त्सुनामीत परकीय सरकारांची मदत नाकारणाऱ्या आणि २०१८च्या केरळ महापुरातही तेच धोरण चालवणाऱ्या भारताने त्या वेळी अनेक देशांचे साहाय्य स्वीकारले. गरजेच्या वेळी कोण धावून येईल, हे आधी सांगता येत नाही.

हिशेब कोण मागणार?

या मदतीच्या खर्चावर देखरेख कोणाची, हा खरा प्रश्न आहे. भूतानमधील पुनात्सांगछू-१ हा १,२०० मेगावॉटचा प्रकल्प २००८मध्ये सुरू झाला. धरणाच्या जागेवरील डोंगर २०१३मध्ये खचला. सुमारे साडेतीन हजार कोटींचा अंदाज नऊ हजार कोटींच्या पुढे गेला आणि मुख्य धरणाचे काम पुन्हा सुरू करण्यावर नोव्हेंबर २०२५मध्ये कोठे सहमती झाली. एखाद्या देशातील धरणाबाबत असे घडले असते, तर विधिमंडळात गदारोळ झाला असता. परदेशातील प्रकल्पाला मतदारसंघ नसतो, त्यामुळे त्याचा जाब विचारणाराही नसतो.

मदतीसाठी स्वतंत्र संस्था स्थापण्याची कल्पना २००७च्या अर्थसंकल्पात मांडली गेली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. २०१२मध्ये परराष्ट्र मंत्रालयातच विकास भागीदारी विभाग सुरू करण्यात आला. संसदेची स्थायी समिती मंत्रालयाच्या मागण्यांची छाननी करते, परंतु कोणत्या प्रकल्पातून कोणते उद्दिष्ट साधले, याचा सामान्य नागरिकाला कळेल असा वार्षिक ताळेबंद संसदेपुढे यायला हवा. अनुदान किती, कर्ज किती, परत आले किती आणि अडकले किती, हे त्यात असावे.

शेजाऱ्याला मदत करावी की घरच्याला, या वादात दोन्हीकडचा ढिसाळ कारभार झाकला जातो. रुग्णालयातील रिक्त पदे भूतानला दिलेल्या पैशामुळे रिक्त राहिलेली नाहीत आणि पुनात्सांगछूचे धरणही घरच्या गरिबांवर खर्च झाल्यामुळे रखडलेले नाही. अकरा पैसे थोडे असले, तरी ते करदात्याचे आहेत. त्यांचा हिशेब मागताना उरलेल्या नव्याण्णव रुपये एकोणनव्वद पैशांचा विसर पडता कामा नये.