पुड्यावरचे अक्षर कोणासाठी?

तुळशीची माळ गळ्यात पडली की मद्यमांस वर्ज्य, हे व्रत सीमाभागातील हजारो वारकरी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळले आहे. परंतु बाजारातून आणलेला बंद पुडा त्याच घरात फोडला जातो, तेव्हा ही सारी दक्षता एका हिरव्या ठिपक्याच्या स्वाधीन झालेली असते.

तो ठिपका निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. हिरव्या चौकटीत हिरवे वर्तुळ म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, ही खूण निरक्षरासही कळते. सरकारने केलेल्या मोजक्या शहाणपणाच्या कामांत तिची गणना करावी लागेल. पण खुणेमागील व्याख्या किती जणांनी वाचली आहे? दूध तर सोडाच, मध, मेण आणि लाखही कायद्याच्या दृष्टीने मांसाहारी नव्हेत. लाख हा किड्याचा स्राव. गोळ्यांना चकाकी आणण्यासाठी तो 904 या क्रमांकाने वापरला जातो. तेल आणि पाणी एकजीव करणारा 471 वनस्पती तेलापासून होतो, तसाच प्राण्याच्या चरबीपासूनही. चव खुलविणारा 631 मांसापासून वा मासळीपासून निघतो, तसाच ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच्या पिष्टापासूनही. क्रमांक एकच, उगम दोन! दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये याच पदार्थाचा दाखला देऊन बजावले की, नुसत्या सांकेतिक क्रमांकाने भागणार नाही. घटक वनस्पतिज की प्राणिज, हेही सांगितले पाहिजे. हे न्यायालयाला सांगावे लागले, यातच कारखानदारांच्या सचोटीचे माप आले.

हिरवा ठिपका हा पौष्टिकतेचा दाखलाही नव्हे. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागतात. तेव्हा वर गव्हाच्या लोंब्यांचे चित्र आणि आत यादीत प्रथम मैदा, मागोमाग साखर व पामतेल असले, की त्या चित्राची किंमत कळली. दिवसाला 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम मीठ, आणि वरून घातलेली साखर 50 ग्रॅम, अशी मर्यादा हिशेबासाठी धरलेली आहे. 100 ग्रॅम शेवेत 800 मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर 2 ग्रॅम मीठ पोटात गेले. एवढे गणित चौथीतले पोरही करील.

पण त्यासाठी लिहिलेले वाचता आले पाहिजे, आणि खरी मेख तेथेच आहे. 2020 च्या नियमांप्रमाणे हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. अन्य भाषा केवळ ऐच्छिक. देवनागरी आहे ना, मग मराठी माणसाची तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. त्याने एवढेच पाहावे की हिंदी वेष्टनावर ‘वसा’ म्हणजे स्निग्धांश, आणि आमच्या घरात वसा म्हणजे श्रावणातल्या कहाण्यांतले व्रत! खानापूर-निपाणीची मराठी गृहिणी आणि तिची कानडी शेजारीण या पुड्यापुढे सारख्याच असहाय आहेत. म्हणून या बाबतीत आमचे भांडण कन्नड भाषेशी नाही, दिल्लीच्या नियमाशी आहे.

हा मुलूख कोणत्या राज्याचा, याविषयी महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या दाव्याचे काय व्हायचे ते होवो. आपण काय खाल्ले हे कळण्यासाठी खानापूरच्या आजीबाईंनी निकालापर्यंत थांबावे काय? माल ज्या जिल्ह्यात विकला जातो तेथील लोकभाषांत घटक आणि त्यांचा उगम छापण्याची सक्ती केंद्राने करावी, ही आमची मागणी आहे.

तोवर स्वस्थ बसण्याचे कारण नाही. पुड्यावर ग्राहकांच्या तक्रारीसाठी पत्ता असतो, 14 आकडी परवाना क्रमांक असतो. ज्या घटकाचा उगम लिहिलेला नाही तो कशापासून केला, एवढा एकच प्रश्न वाचकांनी त्या पत्त्यावर परवाना क्रमांकासह धाडावा. पत्र मराठीतच लिहावे. जी उत्तरे येतील ती आम्ही याच पृष्ठावर छापू. ज्यांची येणार नाहीत त्यांची यादीही छापू.