‘थोडा येतोच’ म्हणू नका

गाडीत पेट्रोलचा वास येतो, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘थोडा येतोच, साहेब.’ मग डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या सुगंधाची डबी चिकटते, काचा चार दिवस खाली राहतात आणि विषय मिटतो.

हे उत्तर कार्ब्युरेटरच्या काळातलं आहे. प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी मारुती ८०० सकाळी चोक ओढून सुरू करावी लागे, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होई आणि वास आलाच तर त्याचं कुणाला काही वाटत नसे. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा जमाना ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, पण तिच्यावर हात बसलेल्या मिस्त्रींची समजूत मागे राहिली. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत टाकीच्या झाकणापासून इंजिनापर्यंत सगळं बंदिस्त असतं आणि बहुतेक गाड्यांत पेट्रोल तीन-चार बार दाबाने नळीतून जातं. एवढ्या दाबाखाली नळीला केसाएवढी चीर पडली तरी तुषार उडतात, तेही तापलेल्या इंजिनाशेजारी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत साचते, आणि सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तिला बाहेर पडायला वाट नसते. शिवाय पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं. बीएस-६ च्या निकषांनुसारही ते एक टक्क्यापर्यंत चालतं, आणि त्याने कर्करोग होतो हे आता वादाचं राहिलेलं नाही.

खरं तर वास कधी येतो एवढं नीट सांगितलं तरी निम्मं निदान होतं. फक्त पेट्रोल भरल्यावर येत असेल तर झाकणाचं रबर, भरण्याची नळी किंवा कॅनिस्टर पाहावा. कॅनिस्टर म्हणजे कोळशाने भरलेला डबा. टाकीतली वाफ तो शोषून ठेवतो आणि इंजिन चालू असताना तिकडे सोडतो. मागच्या सीटवर बसणाऱ्यालाच वास जाणवत असेल तर संशय सीटखालच्या फ्युएल पंपाच्या गॅस्केटवर. एसी बाहेरची हवा घेत असताना वास येतो आणि आतलीच हवा फिरवायला लावल्यावर कमी होतो, तर गळती बॉनेटखाली असण्याची शक्यता मोठी. सकाळी गाडी थंड असताना येऊन नंतर विरत असेल तर इंजेक्टरचे ओ-रिंग कडक झालेले असू शकतात. ऑइलच्या डिपस्टिकलाच पेट्रोलचा वास येत असेल तर एखादा इंजेक्टर गळत असू शकतो, आणि ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. पावसाळ्यात उंदरांना विसरून चालत नाही. नळ्या कुरतडणं हा त्यांचा जुना धंदा. सीएनजी गाडीवाल्यांनी आधी वास ओळखावा. सडक्या कोबीसारखा असेल तर तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा, आणि मग पहिलं काम सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करण्याचं.

पंपावरची सवय यात मोठी दोषी आहे. नोझल ‘कट’ झाल्यावरही हिशेब पूर्ण रकमेत बसावा म्हणून दोन-तीन पिचकाऱ्या मारल्या जातात, आणि गाडीचा मालकही ‘टाका टाका’ म्हणतो. वाफेसाठी बनवलेल्या कॅनिस्टरमध्ये मग पेट्रोलच शिरतं. एप्रिल २०१४ मध्ये मारुती सुझुकीने एर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर मिळून १ लाख ३ हजार ३११ गाड्या परत बोलावल्या, त्या भरण्याच्या नळीतल्या दोषासाठी. ऑटो कटच्या पुढे भरलं तर वास येऊ शकतो, क्वचित गळतीही होऊ शकते, असं कंपनीनेच सांगितलं होतं. त्याआधी २०१० मध्ये सुमारे एक लाख ए-स्टार परत आल्या, त्या पंपाच्या गॅस्केटसाठी. तेव्हा ‘थोडा येतोच’ म्हणून कुणी त्या परत पाठवल्या नाहीत. उन्हाळ्यात टाकी फुटते ही अफवा दर मे महिन्यात घराघरांत पोचते. कट झाल्यावर थांबा, हे मात्र कुणी कुणाला पाठवत नाही.

आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जवळजवळ सगळीकडे आलं आहे. जुन्या काही गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. काम स्वस्त आहे, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं, असंही. होत असेल, पण सर्व्हिसिंगच्या किती याद्यांमध्ये ते लिहिलेलं दिसतं? दहा वर्षांच्या गाडीच्या मालकाला हे कुणी आपणहून सांगत नाही. पीयूसीचंही तेच. तपासणी होते ती सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराची. टाकीखाली पेट्रोल ठिबकत असलं तरी प्रमाणपत्र मिळतं. त्याच वेळी बॉनेट उघडून नळ्यांवर एक नजर टाकायला दोन मिनिटं पुरतील. परिवहन खात्याने ती सक्तीची करायला हवी.

दुरुस्तीतही जुगाड चालतो. टाकीला साबण किंवा एम-सील चोपडणं, हाताशी असेल ती नळी क्लिप मारून बसवणं. पेट्रोलच्या दाबाला टिकणारी नळी वेगळी असते, आणि साधी नळी काही महिन्यांत फुगते. टाकीला वेल्डिंग करणं तर जिवावरचं काम, कारण रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक ठरते.

वास एकाएकी वाढला किंवा गाडीखाली ओल दिसली तर चावी फिरवू नये. गाडी ढकलत मोकळ्यावर आणावी आणि मिस्त्रीला तिथेच बोलवावं. काम झाल्यावर जुना भाग मागून घ्यावा, आणि गळत कुठून होतं ते बोट ठेवून दाखवायला सांगावं. ते दाखवता येत नसेल तर बिल देण्याची घाई करू नये.