नाण्याची पारख : यंत्राची आणि माणसाची

एखाद्या मनुष्यास ‘खणखणीत नाणें’ म्हणावें, याहून थोडक्या शब्दांत मोठी प्रशस्ति आपल्या भाषेंत क्वचितच सांपडेल. या वाक्प्रचारामागें पारखीची एक जुनी रीत आहे. सराफ रुपया दगडावर टाकून त्याचा नाद ऐके. नाद बद्द निघाला, तर रुपया ज्याचा त्याला परत करी. आज हेंच काम नाण्यावर चालणारीं यंत्रें करीत असतात. पैसा घेऊन तिकीट देणारें, पेय देणारें किंवा वजन सांगणारें यंत्र प्रथम सराफ असतें, व मगच दुकानदार. हा निर्जीव सराफ नाणें कसें ओळखतो, आणि त्याला काय ओळखतां येत नाहीं, याचा विचार केला असतां आपल्या स्वतःच्या पारखीविषयीं बराच बोध होण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

या यंत्रांचा मूळपुरुष फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरींतील हेरो नांवाच्या विद्वानानें देवळांत पवित्र जल देणाऱ्या एका पात्राचें वर्णन करून ठेविलें आहे. पात्राच्या फटींतून पांच द्राख्मांचें नाणें टाकलें कीं तें आंतील तरफेच्या टोकास असलेल्या तबकडीवर पडे; त्या भारानें तरफ कलून झडप उघडे, आणि नाणें घसरून खालीं पडेपर्यंत पाणी वाहत राही. युक्ति सुंदर खरी. परंतु हें पात्र केवळ भार जाणत असे. तितक्याच वजनाची दुसरी चकती टाकली असती, तरी पाणी मिळालेंच असतें. पुढें १८८३ च्या सुमारास लंडन येथें पर्सिव्हल एव्हरिट याच्या टपालकार्डें विकणाऱ्या यंत्रापासून या धंद्याचा नवा काळ सुरू झाला. विक्री वाढली तशी नाण्याऐवजीं धातूचे तुकडे टाकणाऱ्यांची लबाडीहि वाढली, आणि यंत्राला पारख शिकविणें भाग पडलें.

ही पारख एकाच कसोटीवर अवलंबून नसते, हें तिचें मर्म होय. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत पहिली कसोटी आकाराची. फट अशी बेतलेली असते कीं मोठें किंवा जाड नाणें आंत शिरूंच नये, आणि लहान असेल तें वाटेंतच बाजूस गळून पडावें. दुसरी कसोटी वजनाची. तोलून बसविलेल्या लहानशा पाळण्यांत नाणें पडतें. तें हलकें असेल तर पाळणा झुकत नाहीं व पुढची वाट उघडत नाहीं. तिसरी कसोटी धातूची, आणि तीच सर्वांत कौतुकास्पद आहे. नाणें लोहचुंबकासमोरून घसरत जातें. लोखंडाची चकती तेथेंच चिकटते. इतर धातूंच्या अंगांत चुंबकाजवळून जातांना विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात, व ते नाण्याची गति मंद करितात. तांब्यासारख्या उत्तम वाहकांत हा अडथळा अधिक, शिशासारख्यांत कमी. म्हणून एकाच आकाराचीं दोन नाणीं निरनिराळ्या वेगानें बाहेर पडतात व निरनिराळ्या जागीं जातात; खऱ्या नाण्याची उडी जेथें पडावयाची, तेथेंच गल्ल्याची वाट ठेविलेली असते. कित्येक यंत्रांत नाणें कठीण ठोकळ्यावर आपटून किती उसळतें हेंहि पाहतात. सराफाच्या दगडाचाच हा नवा अवतार म्हणावयाचा!

अलीकडील यंत्रांत पाळणा व तरफ जाऊन तारेचीं वेटोळीं आलीं आहेत. या वेटोळ्यांतून उलटसुलट प्रवाह वाहत असतो. जवळून नाणें गेलें कीं त्याच्या धातूनुसार व आकारानुसार त्या प्रवाहांत ठराविक फरक पडतो. मंद कंपनांचा प्रभाव नाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोंचतो, तर शीघ्र कंपनांचा पृष्ठभागापुरताच राहतो; त्यामुळें नुसता मुलामा दिलेलें नाणेंहि उघडें पडतें. प्रकाशाचा किरण किती वेळ अडला यावरून व्यास समजतो. हीं मापें यंत्राच्या स्मरणांत सांठविलेल्या मापांशीं ताडून पाहिलीं जातात. मात्र झिजलेल्या नाण्यासाठीं थोडी सूट ठेवावीच लागते. सूट फार झाली तर खोटें नाणें आंत शिरतें. फार थोडी झाली तर खरें नाणें बाहेर टाकलें जातें. न्यायाचा सारा प्रश्न या एका वाक्यांत सामावलेला नाहीं काय?

आतां या चतुर सराफाची उणीव पाहूं. शुभवर्तमानांत कैसराच्या कराविषयीं वाद घालणाऱ्यांकडून प्रभूनें नाणें मागवून घेतल्याचा व त्यावरील मुद्रेकडे व लेखाकडे त्यांचें लक्ष वेधल्याचा प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. नेमकी हीच गोष्ट बहुतेक यंत्रें पाहत नाहींत. नाणें कोणाचें, त्यावर अंक कोणता, हें त्यांस समजत नाहीं. आपल्या देशांतीलच उदाहरण घ्या. १९९२ सालापासून आपला रुपया गंज न चढणाऱ्या पोलादाचा निघूं लागला व तो चुंबकास चिकटतो. म्हणजे चुंबकास चिकटणारें तें खोटें, ही जुनी कसोटी येथें निरुपयोगी ठरली. हा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा व ४.८५ ग्रॅम वजनाचा होता. पुढें २०११ सालीं दोन रुपयांचें जें नवें नाणें निघालें, त्याचा धातु, व्यास व वजन हींहि अगदीं तींच! डोळस मनुष्य अंक वाचून दोहोंतील भेद जाणतो. वजनावर व धातूवर विसंबणारें यंत्र तो कसा जाणणार?

यंत्राची फसगत झाली तर मालकाचे चार पैसे बुडतील, इतकेंच. परंतु जो मनुष्य डोळ्यांनीं पाहूं शकत नाहीं, त्याचें काय? त्याची पारख बोटांची, म्हणजे आकाराची व वजनाचीच असते. त्याच्या हातावर दोनाऐवजीं एक ठेविला, तर त्याचा निम्मा पैसा गेला, आणि त्याबरोबर जगावरचा विश्वासहि गेला. मार्च २०१९ मध्यें सरकारनें दृष्टिहीनांच्या सोयीची नवी मालिका जाहीर केली, ती या दृष्टीनें स्तुत्य आहे. तींत एक रुपया २०, दोन रुपये २३, पांच रुपये २५ व दहा रुपये २७ मिलिमीटरचे असून, वीस रुपयांचें नाणें बारा बाजूंचें आहे. किंमतीबरोबर वजनहि चढत जातें. तथापि जुनीं नाणीं चलनांत आहेतच. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, जुन्या नाण्याच्या मापाचें निराळ्या किंमतीचें नवें नाणें यापुढें कधींहि काढूं नये. जें नाणें अंधाच्या बोटांस ओळखतां येईल, तेंच यंत्रासहि ओळखतां येईल.

परंतु सरकारास उपदेश करून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. दहा रुपयांच्या नाण्याची कथा पहा. त्यावर रुपयाचें चिन्ह नाहीं, किंवा रेघा पंधरा आहेत, म्हणून तें खोटें, अशी वावडी उठली, आणि ठिकठिकाणीं लोक खरीं नाणीं नाकारूं लागले. १७ जानेवारी २०१८ रोजीं रिझर्व्ह बँकेनें चौदाहि नमुन्यांचीं नाणीं कायदेशीर असल्याचें प्रसिद्ध केलें. तरी कित्येकांची शंका फिटली नाहीं. यांत खरें नुकसान झालें तें भाजीवालीचें व हमालाचें. त्यांनीं दिवसभर राबून मिळविलेलें खरें नाणें दुकानदार घेईना. यंत्रानें हा अन्याय केला नसता. तें ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवीत नाहीं. समोर आलेल्या प्रत्येक नाण्याची स्वतः परीक्षा करितें, आणि नाणें श्रीमंताच्या हातून आलें कीं गरिबाच्या, हें विचारीत नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, यंत्रापासून घ्यावयाचें तें घ्या : एका कसोटीवर निर्णय देऊं नका, झिजलेल्यास थोडी सूट द्या, आणि वावडीला कसोटी समजूं नका. परंतु यंत्राजवळ जें नाहीं तें सोडूं नका. मुद्रा वाचण्याची दृष्टि आणि देणाऱ्याचें मुख पाहण्याची माणुसकी आपणांसच दिलेली आहे. पुढच्या वेळीं बाजारांत कोणी दहाचें नाणें पुढें केलें, तर तें निःशंक मनानें घ्या. आणि शेजारचा दुकानदार तें नाकारीत असेल, तर त्याला नम्रपणें खरी गोष्ट समजावून सांगा.