वाट सोपी, पण कुणासाठी?

हातकणंगले तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबलीचा डोंगर आहे. रविवारी सकाळी तिथल्या पायऱ्यांवर घटकाभर उभं राहावं. सहा वर्षांचं पोर वर जाताना सगळ्यांच्या पुढे पळत असतं. आई मागून "अरे हळू" म्हणत दमून जाते. मंदिरांचं दर्शन होतं, खाली निघायची वेळ येते आणि तेच पोर तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थबकतं. एक हात कडेला टेकवतं, दुसऱ्या हाताने बापाचा सदरा घट्ट धरतं, मग खाली बसतं आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी सरकू लागतं. मागून येणारे म्हणतात, "चल की बाळा, काय हुत नाही."

त्याला मात्र काहीतरी होत असतं. चढताना त्याच्या डोळ्यांपुढे फक्त पुढची पायरी होती. उतरताना अख्खा उतार एकदम समोर उघडा पडतो. शिवाय फूटभर उंचीची पायरी मोठ्या माणसाच्या पोटरीपर्यंत येते, तीच या मुलाच्या गुडघ्याला लागते. म्हणजे दोघं एकाच पायऱ्या उतरत असले, तरी त्याच्या वाट्याला आलेला उतार कितीतरी जास्त अवघड असतो.

सुट्टीत मुलांना कुठे न्यायचं हे ठरवताना नेमकी हीच गोष्ट निसटते. सहलीच्या जाहिरातीत ‘श्रेणी : सोपी’ असं छापलेलं असतं आणि आई-वडील निर्धास्त होतात. ही श्रेणी ठरवणारा बहुधा पंचविशीतला, डोंगरात मुरलेला तरुण असतो. त्याच्या दृष्टीने सोपी म्हणजे दोर लागत नाही, दम फार लागत नाही. भिणाऱ्या मुलाला दमाची फिकीर नसते. मुलं दमतात, पाच मिनिटं बसतात आणि पुन्हा पळू लागतात. त्याचा प्रश्न वेगळाच असतो : बाजूला दरी दिसते का, धरायला काही आहे का, आणि नको वाटलं तर मागे फिरता येतं का?

राजगडाचं उदाहरण बोलकं आहे. किल्ला एकच, पण गुंजवण्याहून चोरदरवाजाने जाणारी वाट शेवटी खड्या कातळाला भिडते. तिथे लोखंडी कठडे धरून वर जावं लागतं. पाली दरवाजाकडून मात्र रुंद, बांधीव पायऱ्या आहेत. आणि कुठूनही वर आलं, तरी बालेकिल्ल्याची चढण हे प्रकरण पुन्हा निराळंच. ‘राजगड मुलांना झेपेल का?’ हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. कोणत्या वाटेने आणि कुठपर्यंत, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. नाशिककडच्या हरिहरच्या कातळात कोरलेल्या खड्या पायऱ्यांचे फोटो पाहून पोरं हट्ट धरतात. हाताला खोबण्या आहेत हे खरं, पण जायची आणि यायची वाट तीच. वरून माणसं उतरत असताना मध्येच घाबरलेल्या मुलाला ना पुढे जाता येतं, ना मागे.

जगात या प्रश्नावर सर्वांत जास्त डोकं चाललंय ते बर्फाच्या उतारांवर. स्कीइंगच्या वाटांना तिकडे रंग दिलेले असतात. युरोपात साधारणपणे निळी वाट सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. फ्रान्समध्ये त्याआधी अगदी नवख्यांसाठी हिरवी. निळ्या वाटेचा उतार सहसा २५ टक्क्यांच्या आत, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पंचवीस मीटरहून कमी उतरायचं. इतकी काटेकोर मोजणी करूनही तिथल्या जाणत्या पालकांना रंगावर विसंबता येत नाही. अमेरिकेत तर वाटेचा रंग त्याच डोंगरावरच्या इतर वाटांशी तुलना करून ठरवतात, त्यामुळे एका ठिकाणची सोपी वाट दुसऱ्या ठिकाणी मध्यम ठरू शकते. त्यात निळी वाट सकाळी मऊ असते, तीच दुपारनंतर माणसांच्या घसरण्याने खरवडून कडक होते. रुंद वाट मध्येच चिंचोळी झाली, की लहान मुलाचे पाय तिथेच लटपटतात. म्हणून चांगला शिक्षक मुलाला वेगाने घसरायला शिकवण्याआधी थांबायला शिकवतो. दोन्ही स्कीची टोकं आत वळवून पाचरीसारखा आकार करायचा, की वेग मोडतो. आपल्याला हवं तेव्हा थांबता येतं हे एकदा कळलं, की अर्धी भीती तिथेच गळून पडते.

हिवाळ्यात गुलमर्गला जाणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. तिथे पायथ्याच्या मैदानात शिकाऊंसाठी सौम्य उतार आहेत. पण वर जाणारा गोंडोला दिसला, की मोठ्यांचा पाय खाली ठरत नाही. दुसऱ्या टप्प्यावर तो अफरवट शिखराच्या बाजूला सुमारे ३,९०० मीटरवर नेऊन सोडतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर, विरळ हवेत, बोचऱ्या वाऱ्यात आठ वर्षांच्या पोराला उभं करून "बघ, किती मस्त!" म्हणायचं. त्याचं डोकं दुखत असतं, बोटं गारठलेली असतात. त्याला खालच्या मैदानात ढकलगाडीसारखं घसरण्यातच खरी मजा आली असती, आणि ती मजा काही कमी प्रतीची नव्हे.

कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याची पन्हाळा ते पावनखिंड मोहीमही या कसोटीतून सुटत नाही. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले, त्या रात्रीची आठवण म्हणून दर पावसाळ्यात हजारो लोक ही पन्नासेक किलोमीटरची वाट दोन दिवसांत चालतात, आणि मुलांनी ती चालावी ही आस मनापासूनची आहे. पण मसाई पठाराच्या मोकळ्या माळावर धुक्यात बिनधास्त चालणारं मूल पुढे लाल चिखलाच्या उतारावर किंवा भरल्या ओढ्यापाशी पार गळाठून जातं. त्याला ‘मावळा असा रडतो का?’ असं ऐकवणं हा अन्याय आहे. भ्यायलेलं मूल खोटं बोलत नसतं. पाय घसरतोय, तोल जातोय, हे त्याला आपल्याआधी कळलेलं असतं. लाज वाटून ते गप्प बसलं, तर धोका दिसायची आपली एक खिडकी बंद होते.

२०२५ च्या जुलैत पन्हाळा, रायगड, राजगड, लोहगडासह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आता लहान मुलांना घेऊन गडावर येणारी कुटुंबं वाढणार, वाढायलाच हवीत. अशा वेळी सहली नेणाऱ्यांनी ‘सोपी’ एवढ्या एका शब्दावर भागवू नये. वाटेतली सर्वांत अरुंद जागा कोणती, दरी किती वेळ बाजूला असते, उतरण कशी आहे, अर्ध्यातून परतायचं झालं तर रस्ता कुठे लागतो, सुट्टीच्या दिवशी गर्दी किती वाजता वाढते, हे पाच ओळींत लिहिता येतं. आणि ज्यांनी लिहिलेलं नाही, त्यांना पैसे भरण्याआधी पालकांनी फोन करून विचारावं. "मुलं येतात की, काही होत नाही" असं उत्तर आलं, तर दुसरीकडे चौकशी करावी.

हातकणंगल्याच्या पालकांना तर मुलाचा अंदाज घ्यायला लांब जावं लागत नाही. आळत्याजवळच्या रामलिंगच्या डोंगरात एक सकाळ काढावी, दुसऱ्या रविवारी बाहुबलीच्या पायऱ्या. मोठ्यांनी घाई करू नये, मुलाच्या मागे नव्हे तर उतरताना त्याच्या एक पायरी खाली चालावं, म्हणजे त्याला दरीऐवजी आपली पाठ दिसते. ते कुठे थबकतं, कुठे हात शोधतं, कुठे बसून सरकतं, एवढं लक्षात ठेवलं तरी राजगडाची कोणती वाट धरायची आणि गुलमर्गला गोंडोलाची किती तिकिटं काढायची, ते घरी बसून ठरवता येतं.