ईगल्सचा तो टिपेचा सूर



'हॉटेल कॅलिफोर्निया' हे गाणं तुम्ही ऐकलंच असेल. पूर्ण ऐकलं नसेल, तरी त्याची गिटारवरची सुरुवात कुठेतरी नक्कीच कानावर पडली असेल. कॉलेजचं गॅदरिंग असो, हॉस्टेलची गच्ची असो, एखादा तरी मुलगा गिटारवर तीच धून वाजवत बसलेला असतो. पण होतं काय, 'ईगल्स' म्हटलं की आपण त्या एका गाण्यापाशीच थांबतो. आज मी तुम्हाला याच बँडच्या आणखी एका गाण्याकडे नेणार आहे. गाण्याचं नाव 'टेक इट टू द लिमिट' आणि गायकाचं नाव रँडी माइझनर. हा ईगल्सचा बेस गिटार वाजवणारा, मागे उभा राहणारा माणूस.

आधी थोडी ओळख करून देते. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं, शेतामळ्यांतलं संगीत. त्यात बँजो असतो, फिडल असतं आणि साध्यासुध्या माणसांच्या गोष्टी असतात. रॉक म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि दणदणीत ड्रम्स. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी हे दोन्ही एकत्र केलं आणि त्याला कंट्री रॉक असं नाव पडलं. ईगल्स त्यातलेच. १९७१ साली लिंडा रॉनस्टॅट या गायिकेला साथ करता करता ही मंडळी एकमेकांना भेटली आणि त्यांनी स्वतःचा बँड काढला. ग्लेन फ्राय डेट्रॉइटकडचा, डॉन हेन्ली टेक्ससचा, बर्नी लेडन बँजो आणि गिटार वाजवणारा आणि चौथा आपला रँडी.

रँडी नेब्रास्का राज्यातल्या स्कॉट्सब्लफचा, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. ईगल्सच्या आधी तो 'पोको' नावाच्या बँडमध्ये होता, पण पहिला अल्बम बाजारात यायच्या आतच तिथून बाहेर पडला. अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या चित्रात त्याच्या जागी चक्क एक कुत्रा काढला गेला! विनोदी वाटतं ना? पण त्या चित्राकडे पाहताना रँडीला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ईगल्सची खरी ताकद होती एकत्र गाण्यात. आपल्याकडे भजनात बुवा एक ओळ म्हणतात आणि मागचे सगळे तीच ओळ त्याच चालीत उचलतात. ईगल्सचं तसं नाही. शब्द एकच, पण प्रत्येकाचा सूर वेगळा. कुणी खाली, कुणी मध्ये, कुणी वर आणि सगळे मिळून एकच आवाज वाटतो. पाश्चात्त्य संगीतात याला हार्मनी म्हणतात. या हार्मनीत सगळ्यांत वरचा सूर बहुतेक वेळा रँडीचा असायचा. घराच्या छपरासारखा! छप्पर आहे म्हणून घर आहे, पण घरात बसल्यावर त्याच्याकडे कोण बघतं?

१९७५ साली 'वन ऑफ दीज नाइट्स' हा अल्बम आला आणि त्यात 'टेक इट टू द लिमिट' होतं. रँडी, हेन्ली आणि फ्राय या तिघांनी मिळून ते लिहिलं होतं आणि मुख्य आवाज होता रँडीचा. गाणं तीन मात्रांच्या वॉल्ट्झच्या लयीत आहे, पाळणा झुलावा तसं. सुरुवात अगदी हळू होते. मग मागून व्हायोलिनं भरत जातात, बाकीच्यांचे आवाज येतात. शेवटी सगळे ध्रुवपद घोळवत राहतात आणि रँडीचा आवाज त्यांच्यावरून वर, आणखी वर जातो. आता आवाज फाटेल असं वाटत असतानाच तो टिपेचा सूर लागतो. मला दर वेळी तिथे श्वास रोखावासा वाटतो.

गाणं तुफान चाललं. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. १९७६च्या सुरुवातीला आलेल्या ईगल्सच्या निवडक गाण्यांच्या अल्बममध्येही ते होतं. २०१८ साली हाच अल्बम अमेरिकेत सर्वाधिक विकला गेलेला अल्बम ठरला, ३ कोटी ८० लाख प्रतींच्या नोंदीसह. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'लाही त्याने मागे टाकलं.

पण इथूनच रँडीची अडचण सुरू झाली. स्टुडिओत एक सूर एकदा लागला की झालं. कार्यक्रमात तो रोज लागावा लागतो. आज या गावी, उद्या त्या गावी. प्रवासाचा शीण असो, घसा बसलेला असो, हजारो लोक त्याच एका सुरासाठी कान टवकारून बसलेले. रँडी स्वभावाने बुजरा. प्रकाशझोत आपल्यावर आला की त्याला अवघडायला व्हायचं. तो सूर लागला नाही तर, ही भीती त्याला सतत असायची.

जून १९७७. टेनेसी राज्यातलं नॉक्सव्हिल शहर. 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या यशानंतरचा मोठा दौरा चालू होता. रँडीची तब्येत बरी नव्हती. ते गाणं म्हणायला पुन्हा मंचावर जायचं नाही, असं त्याने सांगितलं. ग्लेन फ्रायला ते पटलं नाही. शब्दाला शब्द वाढला आणि स्टेजच्या मागे दोघे हातघाईवर आले. त्याच वर्षी रँडीने बँड सोडला. त्याच्या जागी आला टिमथी श्मिट. गंमत बघा, 'पोको'मध्येही रँडीची जागा याच टिमथीने घेतली होती!

यात चूक कुणाची? फ्रायची बाजूही समजून घ्यायला हवी. लोक तिकीट काढून आलेत, त्यांना ते गाणं हवंय, त्यांना निराश का करायचं? मनोरंजनाच्या धंद्यात हा विचार काही वावगा नाही. पण मी रँडीच्या बाजूने आहे. एखाद्याला एखादी गोष्ट फार छान जमते, म्हणून ती त्याने प्रत्येक वेळी, कुठल्याही परिस्थितीत करून दाखवलीच पाहिजे, हे कुठलं प्रेम? आपल्या घरातही असं होतं बघा. पुरणपोळी उत्तम करणाऱ्या मावशीला पाहुणे आले की सगळे ओट्यापाशी उभं करतात. तिची कंबर दुखतेय का, हे कुणी विचारत नाही. कौतुकसुद्धा कधीकधी ओझं होतं.

पुढे १९८०मध्ये बँडच फुटला. १९९४ साली ते पुन्हा एकत्र आले, पण त्यात रँडी नव्हता. १९९८मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये ईगल्सचा समावेश झाला, तेव्हा मात्र आजी-माजी सातही जण एका मंचावर उभे राहून वाजवत होते. रँडीही होता. २०१६मध्ये ग्लेन फ्राय गेला. जुलै २०२३मध्ये वयाच्या ७७व्या वर्षी रँडीही गेला. तेव्हा बँडने काढलेल्या निवेदनात त्याच्या आवाजाच्या पल्ल्याचं भरभरून कौतुक होतं आणि उदाहरण म्हणून नाव होतं 'टेक इट टू द लिमिट'चंच. ज्या गाण्यावरून तो दुरावला, तेच गाणं त्याची ओळख म्हणून उरलं.

तर मंडळी, आज रात्री जेवणं उरकली की मोबाइलला इयरफोन लावा आणि हे गाणं शेवटपर्यंत ऐका. मध्येच पुढचं गाणं लावू नका. आवडलं तर रँडीचंच 'ट्राय अँड लव्ह अगेन' ऐका. ते 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्याच अल्बममध्ये आहे, पण त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आणि मग 'हॉटेल कॅलिफोर्निया' पुन्हा एकदा लावा. या वेळी गिटार बाजूला ठेवून तिच्या खाली चाललेला बेस ऐका. तो वाजवणारा माणूस आता तुमच्या ओळखीचा आहे.

भेटू पुढच्या वेळी, अशाच एका गाण्यासोबत!