ओव्हन संध्याकाळी कशाला, दुपारी लावा!

नुसतं "वीज वाचवा" म्हटल्याने कोणी वीज वाचवत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. गिऱ्हाइकाला उपदेश नको असतो, हिशोब पाहिजे असतो. चला, हिशोबच करू.

1 जुलै 2025 पासून महावितरणने टीओडी म्हणजे स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर सवलत सुरू केली. सुरुवातीला युनिटमागे 80 पैसे. कारण साधं आहे. दुपारी सोलरची वीज भरपूर असते. सूर्य मावळला की ती जाते, आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, कूलर एकदम चालू होतात.

समजा, सिडकोत एक ताई घरून केक करतात. ओव्हनला रोज 8 युनिट, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 200 युनिट. बेस दुपारीच भाजून ठेवला आणि क्रीमचं काम संध्याकाळी केलं, तर 160 रुपये वाचले. रक्कम छोटी आहे, मान्य. पण ऑर्डर तेवढ्याच, ओव्हन तोच, बदललं फक्त घड्याळ. शिलाईवाल्यांची इस्त्री, मसाल्याची छोटी चक्की, सगळ्यांना हेच लागू. आपल्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते आपल्या हातात नाही (हसू नका!), पण हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायची वेळ तर आपलीच ना?

ज्या घरातली सगळी माणसं दिवसभर वाळूजला ड्युटीवर असतात, त्यांना मात्र ही सवलत फारशी कामाची नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

भारनियमनाच्या काळात महावितरणची 'अक्षय प्रकाश' योजना होती. गावाने ठरवायचं की संध्याकाळी दिवे-पंखे चालतील, पण मोटारी आणि जड यंत्रं बंद. बदल्यात त्या वेळेला गावाची वीज चालू. लोकांनी ते पाळलं, कारण फायदा त्याच रात्री घरात दिसत होता. 80 पैसे तसे दिसत नाहीत. म्हणून महावितरणने "या महिन्यात तुमचे इतके वाचले" हे बिलावर ठळक छापावं, असं मला वाटतं.

आणि घरगुती मीटरवर धंदा करणाऱ्यांनो, वीज आयोगाच्या दर आदेशातली अट माहीत असू द्या. घराच्या एका भागात धंदा असेल तर महिन्याला 300 आणि वर्षाला 3600 युनिटपर्यंतच घरगुती दर लागतो. सवलत मोजायच्या आधी बिलावरचे युनिट बघा.