मोबाईल हिसकावून घ्याल, हातात देणार काय?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे. त्याबद्दल गावाचे अभिनंदनच केले पाहिजे. पण भोंगा वाजवून आमच्या शहरी वस्त्यांचा प्रश्न सुटेल काय?

दहा बाय बाराची खोली, माणसे सहा. एका कोपऱ्यात स्वयंपाक, दुसऱ्यात आजारी आजी. पंधरा वर्षांच्या पोराने चित्र काढायला कागद पसरायचा कुठे? ढोलकीवर थाप मारली की शेजारी भांडायला हजर! मग तो कानात हेडफोन घालून मोबाईलमध्ये शिरतो. त्या घरात त्याच्या हक्काचा तेवढाच एक कोपरा आहे. मुलींचे तर विचारूच नका. भावाला निदान नाका तरी आहे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, मोकळी जागा झाली नाही.

बाबासाहेबांच्या परळच्या चाळीतही जागा नव्हती. विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत आणि तेथेच केळुसकर गुरुजींची त्यांच्यावर नजर गेली, हे आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो. त्यातली बाग मात्र विसरतो. याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले. तेव्हा पोराने वाद्य हाती घेतले की 'अभ्यास सोडून ही कसली थेरं' म्हणणाऱ्या पालकांनी जरा थांबावे.

आम्ही मोबाईलला शत्रू मानत नाही. वस्तीतली पोरे त्यावरच गाणी रचून रेकॉर्ड करतात. तासन्‌तास दुसऱ्याची रील सरकवणे आणि चार दिवस खपून स्वतःचे दोन मिनिटांचे गाणे उभे करणे, या दोहोंना 'मोबाईलचे वेड' हे एकच नाव कसे देता येईल?

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या कलम ३१ ने विश्रांती, खेळ आणि कला हा मुलांचा हक्क मानला आहे. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला. मैदान, अभ्यासिका महापालिकेकडे मागितलीच पाहिजे. पण आपल्या विहारांचे काय? वंदनेपुरते उघडायचे आणि एरवी किल्ली अध्यक्षांच्या खिशात! जयंतीच्या डीजेवरचा थोडा खर्च वाचवला तरी एक ढोलकी, एक कॅरम आणि चार डझन पुस्तके येतील. पदाधिकाऱ्यांनी येत्या पौर्णिमेपासून संध्याकाळी सहा ते नऊ विहार मुलांसाठी उघडे ठेवावे. मोबाईल आणायलाही मनाई नको. आणि किल्ली एखाद्या मुलीकडे द्यावी.